सुईणीची विद्या

घरात बाळंतपण सुखरूप पार पडले की पेढे वाटले जातात, बारशाची तयारी सुरू होते, नाकडोळे आजीचे की आत्याचे यावर चर्चा रंगते. त्या आनंदाच्या घाईत, ज्या हातांनी बाळाला प्रथम झेलले ते हात कोणाचे होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. डॉक्टरांचे नाव घरातील लहानथोरांना ठाऊक असते. परंतु रात्रभर खाटेशी उभ्या असलेल्या सिस्टरचे नाव पुष्कळदा बाळंतिणीलाही ठाऊक नसते. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण वैद्यापेक्षा सुईणीलाच अधिक लागू पडावी, अशी आपली जुनी रीत आहे.

वाचकहो, त्या हातांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. बारावी झालेली आपली मुलगी, पुतणी किंवा भाची उद्या म्हणाली की 'मला सुईण व्हायचे आहे', तर तिच्या वडीलधाऱ्यांनी काय उत्तर द्यावे? बहुतेक घरांत पहिले उत्तर भुवया उंचावूनच मिळेल. याचे कारण सरळ आहे. सुईण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती नऊवारीतील एखादी वृद्धा, जिला अक्षर येत नसे, पण जिच्या हाताला गुण होता. विद्यापीठ, परीक्षा, पदवी यांच्याशी तिचा संबंध जोडणे आपल्या मनाला चटकन जमत नाही. आणि दुसरे एक कारण आहे, ते स्पष्ट बोलून दाखविलेले बरे. बाळंतपण हा विटाळ मानला गेला. म्हणून नाळ कापण्याचे काम देशाच्या अनेक भागांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांवर सोपविले गेले. ज्या कामावाचून कोणाचाच वंश चालत नाही ते काम हलके ठरले, आणि ते करणारीही हलकी ठरली. त्या समजुतीचे ओझे आजच्या पदवीधर प्रसविकेच्या खांद्यावरूनही पुरते उतरलेले नाही.

वास्तविक शिकलेली सुईण ही आपल्याकडे कालपरवाची गोष्ट नाही. मद्रासला सुइणींच्या शिक्षणाची सरकारी शाळा १८५४ साली मंजूर झाली. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाला वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विधवांना आणि गरजू स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाची वाट दाखविली, आणि त्यासाठी समाजाची बोलणीही खाल्ली. तरीही १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला, तेव्हा जो आकडा पुढे आला तो आजही वाचवत नाही : दर हजार बाळंतपणांमागे सुमारे वीस माता मृत्यू पावत होत्या, म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन लाख. आणि संबंध देशात शिकलेल्या सुइणी होत्या अवघ्या पाच हजारांच्या आसपास.

त्याच १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले, आणि सुईणीची विद्या विद्यापीठाच्या दारात आली. पुढील वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५१ पासून सहाय्यकारी परिचारिका प्रसविका, म्हणजे जिला आपण खेडोपाडी नुसते 'नर्सबाई' म्हणतो, ती घडविण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. आता ही विद्या देशभर पसरेल, असे कोणासही वाटले असते. पण झाले वेगळेच. १९७३ सालच्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशीनंतर नर्सबाई ही बहुउद्देशीय कार्यकर्ती झाली. लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण, नोंदवह्या अशी एकेक जबाबदारी तिच्यावर येत गेली, आणि बाळंतपण करण्याचा तिचा सराव सुटत गेला. शहरांतील रुग्णालयांत परिचारिका होत्या; परंतु तेथे प्रसूतीचा निर्णय डॉक्टरांचा, आणि परिचारिकेचे काम हाताखाली उभे राहण्याचे. आपल्याकडे परिचर्येची पदवी घेणारीची नोंद 'परिचारिका व प्रसविका' अशी दुहेरी होते. प्रमाणपत्रावर प्रसविका राहिली, खाटेपाशी मात्र ती दिसेनाशी झाली.

यावर कोणी म्हणेल, की मग बिघडले काय? बाळंतपणे तर आता रुग्णालयांतच होतात! हे खरे आहे, आणि ही फार मोठी मजल आहे. जननी सुरक्षा योजना २००५ साली आली. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १०० पैकी ३९ बाळंतपणे रुग्णालयांत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८९ झाली. दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. या आकड्यांमागे किती घरे सावरली असतील याचा विचार करावा. पण त्याच २०१८-२० च्या हिशेबात केरळात हा आकडा १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५ होता, हेही विसरून चालणार नाही. आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत बाई पोहोचली, तरी आत तिला काय मिळाले, हा प्रश्न उरतोच. एकीकडे सरकारी प्रसूतिकक्षातील गर्दी, एका खाटेवर दोघी, कळांनी ओरडणाऱ्या बाईवर खेकसणे. दुसरीकडे खासगी रुग्णालयांत २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे १०० पैकी ४७ बाळंतपणे शस्त्रक्रियेने. सिझेरियनने असंख्य माता आणि बालके वाचविली आहेत. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु जवळजवळ निम्म्या बायकांना त्याची गरज असते, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये जी जागा रिकामी आहे, ती सुईणीची. बहुतेक बाळंतपणांत शरीर आपले काम आपणच करते; हवे असते ते कोणीतरी जाणते माणूस, जे सतत जवळ असेल, घाई करणार नाही, आणि धोक्याची पहिली खूण दिसताच क्षणाचाही वेळ न दवडता डॉक्टरांना हाक मारील. सुईणीची सारी विद्या या दोन गोष्टींत सामावलेली आहे : वाट पाहणे, आणि वाट पाहणे केव्हा थांबवावे हे ओळखणे. पैकी दुसरी गोष्ट शिकविण्यासाठीच एवढा अभ्यास.

याचे एक सुंदर उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९५५ साली इमॅन्युएल फ्रीडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पाचशे पहिलटकरणींच्या वेणांचा अभ्यास करून, गर्भाशयाचे मुख किती वेळात किती उघडते याचा आलेख काढला. पुढे १९७२ साली, आज जो देश झिंबाब्वे म्हणून ओळखला जातो तेथे, फिलपॉट आणि कॅसल या दोघा डॉक्टरांनी त्या आलेखाला एक वेगळेच काम दिले. तेथील दूरवरच्या दवाखान्यांत सुइणीच बाळंतपणे करीत. मोठे रुग्णालय कित्येक मैल लांब. बाईला तिकडे केव्हा पाठवावे, हे त्यांना कसे कळावे? त्या दोघांनी आलेखावर दोन तिरप्या रेघा ओढल्या. पहिली सावधानतेची, दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवर, कृतीची. बाईची प्रगती पहिल्या रेघेच्या उजवीकडे सरकू लागली की तिला हलविण्याची तयारी करावयाची. दुसरी रेघ गाठेपर्यंत ती डॉक्टरांच्या हाती असली पाहिजे. साधा एक कागद, पेन्सिलीच्या काही खुणा. पण त्यायोगे सुईणीच्या अनुभवाला पुराव्याचे बळ मिळाले. आपल्या रुग्णालयांत 'पार्टोग्राफ' म्हणून जो कागद भरतात तो हाच. हे शास्त्रही एका जागी थांबलेले नाही. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी नोंदपत्रिका दिली. तीत खऱ्या वेणांचा आरंभ चार सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटरपासून धरला आहे, आणि दर तासाला एक सेंटिमीटर हा जुना नियम प्रत्येक बाईला लावू नये असे मानले आहे. धीर किती धरावा याचेही शास्त्र असते, ते असे.

वर्गात बसून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शरीररचना, औषधे, जंतुशास्त्र, पोषण. पण खरे शिक्षण हातांचे. गर्भवतीच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवून बाळाचे डोके कोणीकडे, पाठ कोणीकडे, मूल आडवे आहे की पायाळू, हे बोटांनी ओळखावयाचे. दाईपासून पोट लपत नाही, अशी म्हण उत्तरेत आहे. विद्यार्थिनीपासून मात्र ते पहिले काही महिने चांगलेच लपते! मग बाळाच्या हृदयाचे ठोके. मिनिटाला ११० ते १६० ही त्यांची सर्वसाधारण मर्यादा. वेणांच्या पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि बाई जोर करू लागली की दर पाच मिनिटांनी ते ऐकावयाचे. सारी रात्र हेच काम चालू असते आणि त्यात कंटाळा करून चालत नाही.

हात धुण्याचा धडा तर पहिल्याच दिवसाचा, आणि त्यामागे एक मोठी कथा आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या कक्षात शंभरांतील सुमारे दहा बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावत. सुइणींच्या कक्षात चारांहून कमी. हे शहरभर झाले होते, आणि पहिल्या कक्षात नेऊ नका म्हणून बायका पाया पडत. इग्नात्स झेमेलवाइस या डॉक्टरांच्या ध्यानात आले की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येतात, सुइणी येत नाहीत. १८४७ साली त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत बहुतेकांनी मानले नाही, ही गोष्ट वेगळी.

मूल जन्मले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सुईणीची खरी परीक्षा मात्र तेव्हा सुरू होते. बाळ रडले नाही तर पहिल्या एका मिनिटाच्या आत पिशवी व मुखवट्याने त्याला श्वास देता आला पाहिजे. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबावयाचे, म्हणजे आईचे रक्त बाळाला अधिक मिळते असे आपण सहज म्हणून जातो. खरे तर ते बाळाचेच, वारेत राहिलेले रक्त असते. इकडे मातेला जन्मानंतर एका मिनिटात ऑक्सिटोसिनची दहा युनिटे टोचावयाची, वार नीट पूर्ण पडली का ते उलटसुलट करून पाहावयाचे, गर्भाशय आवळून घट्ट झाले का ते पोटावरून चाचपावयाचे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ही मातामृत्यूच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक गोष्ट आहे, आणि धडधाकट दिसणारी बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. गेलेले रक्त नुसते डोळ्यांनी अदमासले तर ते नेहमी कमी वाटते, म्हणून ते मोजावयास शिकवितात. अर्ध्या लिटरची वाट न पाहता, नाडी व रक्तदाब बदलू लागताच हालचाल करावयास शिकवितात. घरची मंडळी बाहेर पेढे आणण्याच्या गोष्टी करीत असतात, तेव्हा आत ही मुलगी पंधरा-पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून बसलेली असते.

आता मार्गाविषयी. इंग्लंडात शाळा संपताच सरळ सुईणीची तीन वर्षांची पदवी घेता येते, आणि तेथील विद्यार्थिनीला स्वतःच्या हातांनी किमान चाळीस बाळंतपणे करावी लागतात. तेवढी मिळणे अशक्य झाल्यास तीस. आपल्याकडे असा निराळा, रुळलेला रस्ता नाही. परिचर्येच्या दारातूनच आत जावे लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेतलेल्या विद्यार्थिनीला बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि प्रवेशाच्या परीक्षा राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. विज्ञान शाखा न घेतलेल्या मुलींसाठी सामान्य परिचर्या व प्रसविका ही तीन वर्षांची पदविका आहे, आणि पदविकेनंतर दोन वर्षांत पदवी पुरी करता येते. पदवीनंतर स्त्रीरोग व प्रसूती परिचर्येत एम. एस्सी.ही होते. शिक्षण संपल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी केल्यावाचून काम करता येत नाही. लग्न होऊन किंवा नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलींनी ही नोंदणी तिकडे करून घेण्याचे विसरू नये. तेवढ्यासाठी महिनोन् महिने घरी बसावे लागल्याच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात.

एवढे झाले की मुलगी कायद्याने प्रसविका होते. ती खऱ्या अर्थाने सुईण व्हावी यासाठी एक नवे दार २०१८ साली उघडले. त्या वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारने प्रसविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार नोंदणीकृत परिचारिका-प्रसविकेने प्रसूतिकक्षातील अनुभवानंतर आणखी दीड वर्षाचे, आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे शिक्षण घ्यावयाचे. मग तिने रुग्णालयातील सुइणींनी चालविलेल्या कक्षात साधी बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करावयाची; गुंतागुंत दिसली की डॉक्टर शेजारीच. त्याची पायवाट आधी तेलंगणाने घातली होती. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासून असे शिक्षण देऊन पाहिले होते, आणि २०१७ साली राज्य सरकारने त्या संस्थेच्या व युनिसेफच्या साह्याने करीमनगरला सरकारी परिचारिकांचा वर्ग सुरू केला. ज्या राज्यात २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे १०० पैकी ६० हून अधिक बाळंतपणे शस्त्रक्रियेने होत होती, तेथेच ही सुरुवात व्हावी यात नवल नाही. पुढे २०२३ साली १९४७ च्या कायद्याच्या जागी जो नवा कायदा संसदेने केला, त्याच्या नावातच परिचर्येच्या जोडीला प्रसविका-कार्याचा उल्लेख आहे. नावाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण ज्या कामाला स्वतःचे नावच उरले नव्हते, त्याच्या बाबतीत नावानेही काही होते.

२०२१ च्या एका जागतिक अहवालाप्रमाणे, माता व नवजात बालके यांना लागणाऱ्या आवश्यक सेवांपैकी सुमारे ९० टक्के सेवा पूर्ण शिकलेली सुईण देऊ शकते. आम्हांला मात्र या शिक्षणातील एक बारीकशी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. बाईला उताणे निजवून पाय बांधल्यासारखे ठेवण्याऐवजी तिला चालू द्यावे, बसू द्यावे, कुशीवर वळू द्यावे. तपासण्यापूर्वी तिला विचारावे. तिची आई किंवा नणंद जवळ असू द्यावी, हे येथे पाठ म्हणून शिकवितात आणि त्यात परीक्षा घेतात. सोबतीण जवळ असू देण्याची मुभा सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून आहे. किती ठिकाणी ती प्रत्यक्षात मिळते, हे आपण आपल्या घरच्या लेकीबाळींना विचारून पाहावे.

वडीलधाऱ्यांच्या मनातील शंका खोट्या नाहीत. रात्रपाळी चुकत नाही. वेणा घड्याळ पाहून येत नाहीत. रक्त पाहावे लागते, आणि क्वचित मृत्यूही, तो तर विसाव्या वर्षी पाहणे सोपे नाही. शिवाय शिकलेल्या प्रसविकेला प्रसूतिकक्षातून उचलून भलत्याच विभागात पाठविण्याची रुग्णालयांची सवय अजून गेलेली नाही, आणि तसे झाले की दोन वर्षांत हात विसरतात. हे सारे मुलीला आधी सांगावे. तरीही ती ठाम असेल, तर तिला अडवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

मात्र महाविद्यालय निवडताना इमारत आणि गणवेश पाहून भुलू नये. संस्थेला मान्यता आहे का, हे तर पाहावेच. त्याहून अधिक, ती ज्या रुग्णालयाशी जोडलेली आहे तेथे महिन्याला किती बाळंतपणे होतात आणि ती किती विद्यार्थिनींत वाटली जातात, हे मुख्याध्यापिकांना सरळ विचारावे. पन्नास मुली आणि महिन्याला वीस बाळंतपणे असतील, तर नोंदवही भरेल, पण हात रिकामेच राहतील. शेवटच्या वर्षाच्या दोघीतिघींना बाजूला घेऊन, त्यांनी स्वतः किती मुले झेलली ते विचारावे. त्या खरे सांगतात. आणि रात्रपाळीला विद्यार्थिनींबरोबर शिकविणारी बाई प्रसूतिकक्षात थांबते का, हे विचारल्याशिवाय प्रवेशाचे पैसे भरू नयेत.